परत आलेलं बकल

आमच्याकडे पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हा आवाज कसला?" आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. आवाज? कुठला आवाज? मग लक्षात येतं, हा बिचारा पिंपाबद्दल विचारतोय.

घर वरती आणि वर्कशॉप खाली. वर्कशॉपच्या मधोमध ते आठ कोनांचं लोखंडी पिंप आडवं टांगलेलं आहे, आतून जाड रबराचं अस्तर लावलेलं. कारखान्यांतून आलेले लहानसहान नग त्यात भरायचे, बोटाच्या पेराएवढे तिकोनी खडे भरायचे, साबणाचं पाणी ओतायचं, झाकण आवळायचं आणि पिंप सावकाश फिरत ठेवायचं. पत्रा कापला की त्याच्या कडेला कुसळासारखी बारीक धार उभी राहते, तिला आम्ही बर म्हणतो. आतले खडे ती बर कुरतडून काढतात. सकाळी हात लावला तर बोट कापेल असा नग संध्याकाळी तान्ह्या बाळाच्या हातात द्यावा इतका गुळगुळीत होऊन बाहेर येतो. कानस घेऊन एकेक नग घासत बसलं तर जन्म पुरायचा नाही. पिंपात सगळ्यांचं एकदम होऊन जातं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, यांनी हे पिंप बसवलं. आता ते खाली फारसे उतरत नाहीत, पण नात्यात कुणाचंही लग्न असलं की जेवणाआधी उभे राहतात आणि घसा साफ करतात. "संसार म्हणजे पिंप! दोन धारदार माणसं आत टाकायची, झाकण लावायचं आणि फिरवत राहायचं. एकमेकांवर घासून घासून दोघंही गुळगुळीत होतात!" माझ्या लग्नातही हेच भाषण झालं. मी तेव्हा नवी होते, टाळ्या वाजवल्या. आता ते उभे राहिले की मी आणि वन्सं खाली मान घालून त्यांच्यासोबत पुटपुटतो. शब्द न् शब्द पाठ आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पिंप त्यांचं. म्हणजे कागदावर सगळ्यांचं, पण त्यांच्या परवानगीशिवाय झाकणाला हात लावायची कुणाची छाती नाही. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू गच्चीवरचे कपडे काढायचे राहिले. बोलणं मोजकं, आणि अंगठा असा की नगाच्या कडेवरून एकदा फिरवला की आत किती वेळ ठेवायचं ते सांगतील. मी त्यांच्या अगदी उलट. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेला हाड नाही. तरी या घरात आल्यापासून माझी मैत्रीण म्हणाल तर तीच एक बाई.

भांडणं व्हायची ती बहीण-भावाची. नवऱ्याला नेहमी घाई. "ताईला सांग, अजून दोन घमेली नग मावतील." मी तीन पावलं चालून वन्संकडे जायची. त्या म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, नगावर नग आपटला की दोघांनाही खोक पडते. मधे खडे हवेत. खडे भरपूर, नग थोडे." मी तीन पावलं परत यायची. दोघंही एकाच खोलीत, एकमेकांना दिसत, ऐकू येत, पण निरोप माझ्यातर्फे. वाटेत मी त्यातलं तिखट काढून टाकायची आणि थोडी साखर घालायची. नवरा मला "पोस्ट ऑफिस" म्हणतो.

तर या वर्कशॉपमध्ये बकलवाले आले.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं वर्कशॉप आहे. दप्तरांची आणि पट्ट्यांची बकलं तयार करतात. पत्र्यातून प्रेसवर कापतात, म्हणजे बर आलीच, म्हणून काम आमच्याकडे. उंच माणूस, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कच्चा माल आणायला आणि तयार माल न्यायला त्यांचा टेम्पोवाला येई, म्हणून आम्ही त्यांना तोवर फक्त फोनवर ऐकलं होतं. त्या दिवशी स्वतः आले. हातात एकच बकल.

"हे बोचतं," ते म्हणाले.

आता, मालाची शेवटची तपासणी माझी. पिंपातून निघालेला माल चाळणीवर ओतायचा, खडे खाली, नग वर. मग ते मक्याच्या कणसांच्या भुशात कोरडे करायचे आणि मूठ मूठ उचलून बघायचे. त्यामुळे मी लगेच तलवार उपसली. पण वन्संनी मला हातानेच थांबवलं. कापसाचा बोळा घेतला, बकलाच्या कडेवरून फिरवला. कापसाचा तंतू अडकला. बर होती.

"चूक आमची," वन्सं म्हणाल्या. "हे दुसऱ्या बकलात अडकून बसलं असणार, खडे पोचले नाहीत. बसा. चहा घ्या."

ते बसले, चहा घेतला आणि पिंप फिरताना बघत राहिले. जाताना म्हणाले, "छान आवाज आहे." आमच्या पिंपाच्या आवाजाला छान म्हणणारा पहिला माणूस. मी मनात म्हटलं, याचे कान तपासायला हवेत.

पुढच्या मालानंतर ते पुन्हा आले. पुन्हा एकच बकल. वन्संनी पुन्हा कापूस फिरवला, पुन्हा तंतू अडकला. पुन्हा चहा. मग असं होतच राहिलं. एवढा मोठा माल जायचा आणि त्यातून नेमकं एक बकल परत यायचं, तेही मालकाच्या हातात, इस्त्री केलेल्या शर्टासकट. चहा पिताना वन्सं त्यांना खड्यांचे प्रकार समजावून सांगायच्या आणि ते असे ऐकायचे की जणू खड्यांवर त्यांची परीक्षा आहे. मी कपबशा आपटायची.

"एवढा हिऱ्याचा पारखी असेल तर बकलं कशाला कापतो?" मी नवऱ्याला म्हणायची.

"गिऱ्हाईक आहे. गोड बोल."

"गोड मी तुझ्याशी बोलत नाही, त्याच्याशी काय बोलू!"

पण वन्संवर त्याचा परिणाम होऊ लागला, आणि तो मला दिसत होता. आधी त्यांनी खडे बदलले. मग पिंप जास्त वेळ फिरवलं. मग एका रविवारी अख्खं पिंप रिकामं करून आतून धुतलं. तरी बकल परत आलंच. त्या सारखा आपला अंगठा बघायला लागल्या. दरवाजाच्या कडेवरून फिरवायच्या, ताटाच्या काठावरून फिरवायच्या.

एका दुपारी भुसा झटकताना म्हणाल्या, "अगं, माझा अंगठा बधिर झाला बहुतेक."

"काहीतरीच काय!"

"इतकी वर्षं पाण्यात आणि साबणात हात. होतं असं." परत भुसा झटकत म्हणाल्या, "मावसबहीण कधीची बोलावतेय. समुद्राकाठचं तिचं हॉस्टेल एकटीला आवरत नाही. हा माल गेला की जावं म्हणते. पिंप तू सांभाळ. तुला येतं सगळं."

मला पिंप नको होतं. मला वन्सं हव्या होत्या. सकाळी खाली उतरल्यावर त्यांचा तो निळा रबरी एप्रन खुंटीवर नुसता लटकलेला दिसणार, या विचारानेच मला रडू यायला लागलं. आणि मला रडू आलं की मी भांडते.

"एका बकलासाठी घर सोडून जाणार तुम्ही?"

"बकलासाठी नाही गं. जे येतं तेच येईनासं झालं, तर इथे करू काय मी?"

वन्सं वर गेल्या आणि मी खिडकीतला पत्र्याचा डबा काढला. परत आलेली सगळी बकलं मी त्यात ठेवत होते. कशाला, ते मलाच ठाऊक नव्हतं, भांडणात पुरावा असलेला बरा एवढंच. डबा टेबलावर उपडा केला, दिवा ओढला आणि भिंग लावून एकेक बकल बघायला बसले.

पहिल्या बकलाची बर मळकट होती, बकलाच्याच रंगाची. पिंपातून निघालेल्या नगावर कसं सगळीकडे एकसारखं मऊ, दुधाळ तेज असतं, तसंच तिच्यावर होतं. म्हणजे ती पिंपात गेली होती आणि वाचून आली होती. खरी चूक. दुसरं बकल उचललं आणि मी खुर्चीत सरळ बसले. त्याची बर चकचकत होती. नव्या कोऱ्या ताटासारखी. आणि तिच्या बाजूला, त्या दुधाळ तेजावर, आडवे आडवे बारीक ओरखडे. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर तेच. ही बर पिंपात कधी गेलीच नव्हती. पिंपातून बाहेर आल्यावर कुणीतरी कानस घेऊन, मन लावून, गुळगुळीत बकलावर ती काढली होती!

बर घालवायला लोक आमच्याकडे येतात. बर तयार करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

मी डबा उचलला आणि चपला घातल्या. नवरा आडवा आला. "कुठे निघालीस?"

"बकलवाल्याकडे."

"आधी विचार कर, मग भांड."

"विचार वाटेत करते."

वाटेत मी विचार केला तो एवढाच, की पहिली शिवी कोणती द्यायची. माणूस काम दुसरीकडे द्यायला निमित्त शोधतोय याची मला खात्री होती. त्यासाठी आमच्या वन्संचा त्यांच्या अंगठ्यावरचा विश्वास उडवायचा?

त्यांच्या वर्कशॉपमध्ये दोन प्रेस धडधडत होत्या. ते कोपऱ्यातल्या टेबलावर वाकून काहीतरी करत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. डाव्या हातात बकल, उजव्या हातात बारीक तिकोनी कानस, चष्मा कपाळावर आणि जिभेचं टोक दातांत धरलेलं. शाळेतलं पोर चित्र काढतं तसं.

"जमतंय का?" मी विचारलं.

कानस खाली पडली. ते उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मग प्रेसवरच्या माणसांना म्हणाले, "जेवायला जा." वेळ जेवणाची नव्हती, पण माणसं गेली. जाताना हसत गेली, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"पहिलं बकल खरं होतं," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "देवाशपथ खरं होतं."

"आणि बाकीची?"

"मी भांडायची तयारी करून आलो होतो त्या दिवशी. इतकी वर्षं धंद्यात आहे, आपली चूक कुणी कबूल केलेली मी पाहिली नाही. त्यांनी कापूस फिरवला आणि म्हणाल्या, चूक आमची, बसा, चहा घ्या." त्यांनी पडलेली कानस उचलून टेबलावर ठेवली. "पुढचा माल आला तेव्हा मी अख्खा टेबलावर पसरला. म्हटलं, एक तरी सापडेल. एक बोचरं बकल सापडेना हो! सगळी लोण्यासारखी. मग काय निमित्त काढून येणार? माल न्यायला टेम्पो येतो. तक्रार असेल तरच मालकाने यायचं."

मी तोंड उघडलं ते भांडायला, पण बाहेर पडलं हसू. मला आवरेना. हा ताडमाड माणूस, गळ्यापर्यंत बटण लावलेला, चहाच्या एका कपासाठी दर मालातलं एक चांगलं बकल बसून बिघडवत होता! मी स्टूलवर बसून हसले. तेही भीत भीत हसायला लागले.

मग मला खुंटीवरचा एप्रन आठवला आणि माझं हसू थांबलं.

"तुम्हाला माहितीये का, तुमच्या या कानशीमुळे त्या चालल्यात? आपला अंगठा गेला असं धरून बसल्यात त्या. पिंप सोडून समुद्राकाठी निघाल्यात, मावसबहिणीच्या हॉस्टेलवर."

त्यांचा चेहरा उतरला. इतका उतरला की मला त्यांचा राग येईना. "मला वाटलं, माझ्यावर हसतील फार तर," ते म्हणाले. "हे डोक्यातच आलं नाही."

खरं सांगते, तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात एक कोतं गणितही झालं. हा माणूस मनातलं बोलला तर वन्सं लग्न होऊन जाणार, न बोलला तर हॉस्टेलवर जाणार. मला दोन्हीकडून तोटाच. पण एका जाण्यात त्या मान खाली घालून जाणार होत्या आणि दुसऱ्यात वर करून.

"चला," मी म्हटलं.

"आत्ता? शर्ट तरी बदलतो."

"शर्टाकडे बघायला मी तुम्हाला नेत नाहीये. ते हातातलं बकल घ्या."

आम्ही आलो तेव्हा पिंप फिरत होतं. वन्सं शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. आवाजावरून त्यांना आतल्या मालाची घसरण कळते. नवरा दारात, आणि चेहऱ्यावर 'आता काय करून आली ही' असा भाव. मी त्याला डोळ्यानेच गप्प बसवलं.

बकलवाल्यांनी बकल टेबलावर ठेवलं. वन्संनी सवयीने कापसाचा बोळा उचलला.

"थांबा," ते म्हणाले. "ही बर तुमची नाही. माझी आहे. मी काढली. पहिलं सोडून सगळ्या माझ्याच."

वन्संनी बकल उचललं, दिव्याखाली धरलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. मग पिंपाचं बटण बंद केलं. खोली एकदम इतकी शांत झाली की वरून बाबा ओरडले, "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, बाबा!" मी ओरडले.

"म्हणजे," वन्सं हळूच म्हणाल्या, "माझा अंगठा ठीक आहे?"

"तुमच्या अंगठ्यासारखा अंगठा या गावात नाही," बकलवाले म्हणाले.

मी वन्संना पुष्कळदा हसताना पाहिलंय, पण तसं नाही. आधी त्या अंगठ्याकडे बघून हसल्या, मग बकलाकडे बघून. मग एकदम कडक झाल्या. "कानस धरता तरी येते का तुम्हाला? उलटी चालवलीये. बर अशी आडवी कधी येत नाही. प्रेसची बर सरळ उभी असते. भिंग लावलं असतं तर मला दुसऱ्याच बकलाला कळलं असतं."

"मग लावलं का नाहीत?" मी विचारलं. "भिंग तर सदा खिशात असतं."

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाची वाचा गेली असती. पण त्यांचे गाल लाल झाले होते आणि मला जे कळायचं ते कळलं. इतके दिवस समोरच्या बकलाकडे दोघांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

"बकलं बिघडवू नका यापुढे," त्या त्यांना म्हणाल्या. "चांगल्या कामाची नासाडी मला बघवत नाही."

"मग मी येऊ कसा?"

"पायांनी," वन्सं म्हणाल्या. "रिकाम्या हाताने. चहा इथे आहेच."

नवरा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "ताईला विचार, हॉस्टेलला काय कळवायचं?"

"स्वतः विचार," मी म्हटलं. "पोस्ट ऑफिस आज बंद आहे."

आणि त्याने विचारलं. सरळ, बहिणीकडे तोंड करून. वन्संनीही सरळ त्यालाच सांगितलं, "म्हणावं, जमायचं नाही." मग बटण दाबलं आणि पिंप पुन्हा खळखळायला लागलं.

त्यानंतर एकही बकल परत आलं नाही. बकलवाले मात्र रोज यायचे.

लग्न साधंच झालं. रजिस्ट्रारपुढे सह्या केल्या आणि मग एका छोट्या हॉलमध्ये जेवण, दोन्ही वर्कशॉपची माणसं आणि थोडे नातेवाईक. वन्सं जाऊन जाऊन जाणार कुठे, गल्लीच्या त्या टोकाला. सकाळी पिंपावर येणार हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. तरी त्यांची ट्रंक खाली आणताना मी नवऱ्याशी जिन्यावर विनाकारण भांडले, आणि तोही शहाणा, निमूट ऐकून घेत होता.

जेवणाआधी बाबा उभे राहिले. घसा साफ केला. मी सवयीने मान खाली घातली.

"संसार म्हणजे पिंप! दोन धारदार माणसं आत टाकायची, झाकण लावायचं..."

"बाबा, चुकतंय," वन्सं म्हणाल्या.

बाबांना आजवर भाषणात कुणी अडवलं नव्हतं. वन्सं उभ्या राहिल्या. चार माणसांसमोर त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"नगावर नग घासला तर गुळगुळीत होत नाही, बाबा. दोघांनाही खोक पडते. पिंप तुम्हीच बसवलंत, तुम्हाला माहीत आहे. मधे खडे लागतात. सगळं काम खडे करतात." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. अंगठ्याशेजारचं ते साबणाने पांढरं पडलेलं बोट. "माझ्यात आणि माझ्या भावात इतकी वर्षं ही होती. माझ्यात आणि यांच्यातही हीच आली, डबा घेऊन, तणतणत. आम्हाला खोक पडली नाही. नग गुळगुळीत होतो, ते सगळ्यांना दिसतं. खडा झिजतो, तो कुणी बघत नाही. मी बघत होते."

मी नुसती रडले, सगळ्यांसमोर, आणि इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

बाबा अजून उभेच होते. "मग आता पुढच्या लग्नात मी काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"हेच बोला," बकलवाले म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. डोळे पुसायच्या आधी मी सवयीने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. वन्संनी ते पाहिलं आणि मोठ्याने हसल्या.